समासाकडे सरकलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली नव्हे, संगणकातली. केरळातल्या आलप्पुळाच्या बोटी कधी सुटतात हे लोकांच्या फोनवर सांगणाऱ्या प्रोग्रामचा मी गाभा. काही हौशी मंडळी मला आपापल्या घरून, फुकट लिहितात. त्यामुळे माझ्या अंगावरून पुष्कळ हात फिरले आहेत आणि खरं सांगते, मी कुठल्याच हातावर चटकन विश्वास ठेवत नाही.

मला जन्म दिला रमणी टीचरनी. तेव्हा मी नीटनेटकी होते. मग सजीवन आला. कंसांच्या बाबतीत तो भारी कंजूष. पुढे ब्लेसी आली, ती एकेका ओळीलाही कंसात बसवी. लोक बोटीची वेळ बघून माझं कौतुक करत, पण आतून मी विस्कटत चालले होते आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं.

एकदा सजीवनने एक अट घातली. वारा जोराचा असेल तर सूचना दाखव, आणि शेवटची बोट रद्द दाखव. दोन्ही ओळी अटीखालच्या वाटाव्यात म्हणून त्याने समासापासून सारख्याच आत सरकवल्या, कंस मात्र घातले नाहीत. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कंस नसले की अट फक्त पहिल्या ओळीला लागते. दुसरी रोजच चालू लागली. पान हलत नसतानाही शेवटची बोट 'रद्द' दिसे. बोट रिकामी जाऊ लागली आणि ती फेरीच बंद करणार अशी कुजबुज सुरू झाली. ब्लेसीची आई इस्पितळातली कामाची पाळी संपवून त्याच बोटीने घरी जायची.

ब्लेसीने चूक शोधली. पण दुरुस्ती करता करता तिने मला आख्खी स्वतःच्या पद्धतीने मांडूनही टाकलं. झालं! सगळ्याच ओळी बदललेल्या दिसू लागल्या आणि प्रत्येकीपुढे शेवटचा हात लावणारी म्हणून ब्लेसीचं नाव लागलं. बैठकीला सगळे टीचरांच्या घरी जमले तेव्हा सजीवन तिच्यावर घसरलाच.

"दुरुस्ती एवढीशी म्हणतेस आणि घर उलटंपालटं करतेस? काय दडवलंयस यात?"

"दडवायला सोनं आहे का, सजीवन चेट्टा? माझ्या आईची बोट जातेय!"

"मग सगळ्या ओळींवर तुझंच नाव कसं लागलं?"

ब्लेसीचा गळा दाटून आला. मला सगळं ठाऊक होतं, पण फाइलला तोंड कुठे असतं?

"पुरे आता," टीचर म्हणाल्या. "आधी सगळ्यांची मिळून एक पद्धत ठरवा. मग नुसती मांडणी. दुरुस्ती त्यानंतर, वेगळी. आणि सजीवन, संशय तुला आहे ना? मग मांडणी तूच कर."

समास किती सोडायचा आणि कंस कुठे घालायचे यावर इतकी हुज्जत झाली की टीचरनी तळलेल्या केळ्याच्या पळमपोरी ताटलीतच गार झाल्या. अखेर एकदाचं ठरलं. सजीवनने ब्लेसीचा बदल बाजूला ठेवला आणि माझ्या जुन्या रूपावर, ओळी आपोआप ठरल्या जागी बसवणारं मांडणीचं साधन चालवलं. वाऱ्याच्या अटीखालच्या पहिल्या ओळीला कंस मिळाले. दुसरी मात्र सरकन समासाकडे आली आणि अटीबाहेर एकटी उभी राहिली.

सजीवनने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही माझी ओळ," तो हळूच म्हणाला. "मी तुझे खिसे चाचपत होतो, ब्लेसी मोळे, आणि भोक माझ्याच खिशाला होतं."

"ते राहू दे," ब्लेसीने डोळे पुसले. "आता दुरुस्ती घे. आई धक्क्यावर आहे."

त्याने ती घेतली. शेवटच्या बोटीपुढचं 'रद्द' गेलं.

मित्रांनो, अनेकांनी मिळून एक काम करायचं तर मांडणी आधी ठरवा, आणि आवराआवर व दुरुस्ती एकाच गाठोड्यात बांधू नका. संशय जरूर घ्या, पण तो माझ्यावर घ्या. मला ओळ न ओळ उलटून बघा. माझा गळा दाटत नाही.