तिसरी झेरॉक्स

आमच्या बंदरातल्या सरकारी बालवाडीत मी अकरा वर्षं स्वयंपाक करते. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट नीट कळली आहे. गरीब असणं निराळं आणि गरिबीचा दाखला असणं निराळं. दाखला असेल त्या पोराला थेट प्रवेश, बाकीच्यांनी चिठ्ठी उचलायची. म्हणून ज्यांची दोन मजली हॉटेलं आहेत ती माणसं दाखल्यासाठी वर्षभर खेटे घालतात, आणि जिला तो दर वर्षी घरपोच येतो ती माझी शेजारीण वान-रोंग तो उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवते.

वान-रोंग धक्क्यावर कोळंबी सोलते. नवरा मोठ्या बोटीवर गेला तो गेलाच, ना फोन ना पत्ता. पोरगी पिन-येन तीन वर्षांची. आई कोळंबी सोलायची आणि पोरगी शेजारी थर्माकोलच्या रिकाम्या पेटीत बसून शंखांशी खेळायची. कोळंबीच्या बाबतीत मात्र वान-रोंगचा हात म्हणजे हात. बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालते आणि न बघता सांगते, तळाशी चौदा उरल्यात. चौदाच निघतात. पैजा लावून भलेभले कोळी हरलेत.

त्या वसंतात धक्क्यावर कुणाचं तरी पोर हातगाडीखाली येता येता वाचलं आणि मासळी बाजाराच्या मॅनेजरने पाटी लावली: मे महिन्यापासून लहान मुलांना आत आणू नये. खाजगी बालवाडीची फी वान-रोंगच्या आवाक्यातली नव्हती. नवऱ्याची आई बेटाच्या पार दक्षिण टोकाला, पिंगतुंगला राहते. तिने कळवलं, पोरीला माझ्याकडे पाठव, नवीन वर्षाला येऊन भेटत जा. म्हणजे वर्षातून एकदा. आमच्याकडे जागा मिळाली नाही तर पोरगी जाणार हे ठरलेलं होतं. तिची छोटी बॅगही भरून दाराशी ठेवलेली मी पाहिली होती.

"अगं, मग दाखला दे ना! तुझी जागा ठेवलेलीच आहे," मी म्हटलं.

"नाही द्यायचा."

"का पण?"

"तांदूळ आठवतोय ना, मावशी?"

आठवत होता. दोन वर्षांपूर्वी वर्षअखेरीला वॉर्ड ऑफिसात दाखलेवाल्यांना तांदळाची पोती वाटली होती. पोतं द्यायचं तर फोटो काढायचा, आणि फोटोत पोत्याबरोबर 'गरिबांना मदत' लिहिलेली पुठ्ठ्याची मोठी पाटी धरायची. तो फोटो अजून तिथल्या भिंतीवर आहे. एका बाजूला गाण्याच्या स्पर्धेचा विजेता, दुसऱ्या बाजूला सर्वांत जास्त भंगार जमा करणाऱ्या आजी, आणि मधे वान-रोंग, कडेवर पोर, हातात पोतं. धक्क्यावरची टवाळ पोरं तिला 'तांदूळवाली' म्हणायला लागली. तांदूळ महिन्याभरात संपला, नाव काही संपलं नाही.

आणि आमच्या बालवाडीचीही रीत काही कमी नाही. चिठ्ठ्यांच्या दिवशी आधी राखीव यादी वाचतात. स्पीकरवरून. नाव, आणि नावापुढे कारण. कारभार कसा उघड्यावर हवा! मग ती यादी देवळाच्या फाटकावर लावतात, म्हणजे ज्यांच्या कानावर पडली नाही त्यांनी डोळ्यांनी बघावी.

"माझी पोरगी चिठ्ठीने जाईल," वान-रोंग म्हणाली. "सगळ्यांची जाते तशी. मी देवाला विचारलंय. त्याने हो म्हटलंय."

देवाने हो म्हटलं तेव्हा मी तिथेच होते. आमच्या गावदेवाच्या, म्हणजे तू-ती-कोंगच्या देवळात लाकडाचे दोन अर्धचंद्र जमिनीवर टाकून कौल लावतात. एक उताणा आणि एक पालथा पडला की देव हो म्हणाला. असे लागोपाठ तीन हवेत. वान-रोंगने लागोपाठ तीन पडेपर्यंत टाकले. मी सव्वीसपर्यंत मोजले आणि मग माझे गुडघे दुखायला लागले. शेवटी देवही कंटाळला असावा.

माझा देवावर विश्वास आहे, पण सव्विसाव्या खेपेनंतरच्या देवावर तेवढा नाही.

त्याच आठवड्यात तिने दाखला माझ्या हातात दिला. पोरीचे कान फुटले होते, दवाखान्याच्या सवलतीसाठी कागद हवे होते. "मावशी, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन झेरॉक्स काढून आण. मला धक्क्यावर उशीर होतोय."

मी तीन काढल्या.

तिसरी झेरॉक्स चार दिवस माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. पाचव्या दिवशी मी यू बाईंच्या टेबलावर चहा ठेवला आणि कपाखाली ती ठेवली. यू बाई आमच्या मुख्य बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज बारीक, पण अख्खं बंदर त्यांना वचकून असतं.

"हे काय?"

"टेबलावर डाग पडू नये म्हणून."

त्यांनी कप उचलला, कागद वाचला, पुन्हा कप ठेवला. "हिचा अर्ज तर चिठ्ठीच्या रांगेत आलाय."

"आलाय."

"दाखला का नाही जोडला?"

"तुम्ही स्पीकरवरून वाचता म्हणून."

बाईंनी उठून दार लोटलं. "किम-हो, मला दोन महिन्यांनी पेन्शन लागायची आहे. या वयात मला लबाडी करायला लावता?"

"लबाडी कसली, बाई? जागा तिचीच आहे, कायद्याने. बाकीचे खोटं सांगून यादीत घुसतात. आपण खरं आहे ते घालतोय, फक्त गुपचूप."

"आणि चिठ्ठी उचलायला ती वर येईल तेव्हा?"

"स्वयंपाकघरात बिस्किटांचे पत्र्याचे डबे दोन आहेत," मी म्हटलं. "एकसारखे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती. "त्या दिवशी काहीतरी गोड करा," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. निम्म्या लोकांच्या अंगावर नशिबासाठी काहीतरी लाल होतं. एकाने तर लाल हातमोजे घातले होते, मे महिन्यात. वान-रोंग पिन-येनला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. पोरीच्या पायात नवे पिवळे बूट. जागा मिळाली तर शाळेला आणि नाही मिळाली तर प्रवासाला, दोन्हीकडे चालतील असे बघून घेतले होते.

बाईंनी राखीव यादी वाचायला घेतली. पहिलं नाव, आईला अपंगत्व. दुसरं, आदिवासी कुटुंब. तिसरं नाव खो शेठच्या नातवाचं, कारण: एकटी आई, बिकट परिस्थिती.

खो शेठ म्हणजे समुद्रापुढचं दोन मजली हॉटेल, बाहेर काचेच्या टाकीत जिवंत खेकडे. मुलगा आणि सून यांचा कागदावर घटस्फोट जानेवारीतच झाला होता. दोघं सकाळी एकाच गाडीतून आली होती आणि गाडी कुठे लावायची यावरून फाटकात भांडलीही होती, त्यामुळे संसार नीट चाललाय याबद्दल कुणाला शंका नव्हती. नाव वाचल्यावर खो शेठ उठले आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला, जणू बक्षीस लागलंय. गरिबीची लाज कशी वाटत नाही हे शिकायचं तर खेकड्याच्या टाकीचा मालक असावं लागतं.

चौथं नाव बाईंनी वाचलं नाही. कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "आता चिठ्ठ्या."

डबा धरायचं काम माझं. एकेक जण येई, हात घाली, चिठ्ठी उलगडी. लाल शिक्का असेल तर किंकाळी, कोरी असेल तर नुसता श्वास. लाल हातमोजेवाल्याची कोरी निघाली. सोळा नंबर झाले तेव्हा बाई म्हणाल्या, "जरा थांबू या. मावशींनी लाल चवळीची गोड पेज केली आहे. मुलं दमलीत. डबा आत ठेवा, मावशी, कुणाचा हात नको लागायला."

अकरा वर्षं ज्या बाईने तुमच्या पोरांना जेवू घातलंय, तिच्यावर कोण संशय घेणार? लोक पेजेवर तुटून पडले. मी आत गेले आणि दुसरा डबा घेऊन बाहेर आले.

"नंबर सतरा."

वान-रोंग आली. तिने डोळे मिटले आणि डब्यात हात घातला. आणि काढेचना. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं तांदूळवाली, चिठ्ठी काढायचीय, कोळंबी नाही!" लोक हसले. तिने डोळे उघडले, खाली पोरीकडे पाहिलं, आणि हात वर काढला.

लाल शिक्का.

ती रडायला लागली ती थांबेचना. पिन-येनला उचलून तिने एवढं आवळलं की पोरीचा एक बूट गळून पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने टोमणा मारला होता त्यानेच बूट उचलून दिला. त्या गडबडीत मी आत जाऊन पहिला डबा कधी आणला ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

सगळं आटोपलं आणि खो शेठ उभे राहिले. धंदेवाला माणूस, त्याला मोजल्याशिवाय झोप येत नाही. "बाई, जागा चोवीस. यादीत नावं तीन. लाल शिक्के मी मोजले, एकवीस निघाले. बरोबर. पण तुम्ही सकाळी फळ्यावर लिहिलं होतं, चिठ्ठ्यांसाठी जागा वीस. ही एक कुठून आली?"

सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या. त्या फळ्याचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

यू बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खो शेठ, हा प्रश्न चांगला आहे. अगदी मुळापासून तपासू. तुमचे घटस्फोटित चिरंजीव बाहेर गाडी पुसतायत, त्यांनाही आत बोलवा. यादीपासूनच सुरुवात करू."

खो शेठ बसले. "फळ्यावर चूक झाली असेल," ते म्हणाले. "माणूस आहे, चुकतो."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वान-रोंगने तू-ती-कोंगला नवसाचे मोची लाडू, शेंगदाण्याची वडी आणि तांदळाची दारू वाहिली. मलाही बोलावलं होतं. बरोबर न्हुंग होती. न्हुंग मूळची व्हिएतनामची, लग्न होऊन इकडे आलेली, आता विधवा, धक्क्यावर वान-रोंगच्याच टेबलावर मासे साफ करते. तिचा मुलगा दोन वर्षांचा, आणि दोन वर्षांच्या वर्गाच्या चिठ्ठ्या पुढच्या शनिवारी होत्या.

वान-रोंग तिला चार लोकांत, मोठ्या आवाजात सांगत होती, "दाखला मुळीच दाखवू नकोस. देवाला हात जोड आणि सरळ चिठ्ठी उचल. मला नाही का दिली त्याने?"

न्हुंग मान हलवत होती. तिला ते पटलं होतं.

मी स्वतःला केवढी शहाणी समजत होते! एकीची अब्रू राखायला गेले आणि दुसरीच्या पोराची जागा घालवून बसले. वान-रोंगला बाजूला ओढून मी धुपाच्या भट्टीमागे नेलं.

"काय सांगतेस तिला? तुझं नशीब निराळं होतं! तिची कोरी निघाली तर? पोर कुठे ठेवेल ती?"

"ओरडू नकोस, देव ऐकतोय."

"ऐकू दे! त्याचा काही संबंध नाही यात!"

बोलून गेले आणि जीभ चावली. वान-रोंगने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मावशी, मी बर्फात हात घालून कोळंब्या मोजते. त्या डब्यात चिठ्ठी एकच होती."

न्हुंगच्या कानावर जात नाही ना, ते मी वळून पाहिलं.

"आधी वाटलं, हात रिकामाच वर काढावा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. दया नको म्हणून ओरडावं. मग पिन-येनचे बूट दिसले. वाटलं, हात रिकामा काढला तर मावशीची नोकरी जाईल, बाईंची पेन्शन जाईल, आणि हे बूट पिंगतुंगला जातील. म्हणून काढली चिठ्ठी."

"म्हणून एवढी रडलीस?"

"मग काय, नशीब फळलं म्हणून?" तिने नाक पुसलं. "माझ्यासाठी आजवर कुणी असा खोटेपणा केला नव्हता."

तिकडे न्हुंग उदबत्त्या लावत होती. वान-रोंगने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात घातला. रविवार असूनही मी ॲप्रन घालूनच आले होते, सवयीने.

"न्हुंगचा दाखला आहे. तिच्या पोराला लस टोचायचीय, दवाखान्यात लागतो. कोपऱ्यावरून दोन झेरॉक्स काढून आण." ती जायला वळली आणि थांबली. "दोनच हं, मावशी. पण मोजायला तू किती कच्ची आहेस ते मला माहितेय."