चार मेणबत्त्यांचा मंगळवार

उत्तरेचा नोव्हेंबर. इथे सूर्य उगवत नाही, नुसता डोकावतो. डोंगराच्या हिमधवल खांद्यावरून एक फिकट, मधवर्णी तिरीप उतरते, खाडीच्या शिसवी पाण्यावर थरथरते, आणि दुपारचा दीड वाजायच्या आत, निरोप न घेता, निघून जाते.

त्या उसन्या उजेडात कोबिना धावतोय. एकटा. नॉर्वेच्या टोकावरचं छोटं गाव, गावाच्या काठाला बंदर, बंदराच्या काठाला फुटबॉलचं मैदान. दहिवराने पांढुरलेल्या गवतावर त्याच्या पावलांची हिरवी रांग उमटत जाते, आणि मधूनच जराशी डावीकडे कलते. उजवा गुडघा.

आज कोबिनाचा वाढदिवस. कागदावर एकतिसावा. गुडघ्यात पस्तिसावा.

गुडघ्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला कागद लागतो, शिक्का लागतो, आणि कोट घातलेला माणूस लागतो.

कोबिना घानाचा, फांटे जमातीच्या कोळ्यांचा. माडांच्या झुलत्या छायेत लाल-पिवळ्या, चित्रांकित होड्यांची ओळ. क्षारगंधी वारा, तारली भाजल्याचा निळा धूर. तिथे मंगळवारी कुणी समुद्रावर जात नाही. मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी दर्या निजतो, होड्या वाळूवर टेकतात, आणि बाप घरी असतात. आणि तिथे मुलाला नाव वाराचं मिळतं. मंगळवारी जन्मला तो कोबिना. म्हणजे नावानेच सांगून ठेवलेलं, की हा आला तेव्हा बाप घरी होता.

बाप. दर्यासावळा, रुंद तळव्यांचा, अल्पभाषी. सहा दिवस समुद्राचा, एक दिवस कोबिनाचा. मंगळवारी माडाखाली बसून तो जाळं सांधायचा, आणि उरल्या तुकड्यात चिंध्या कोंबून चेंडू करायचा. पावलाच्या आतल्या कडेने हळूच ढकलायचा. ‘हळू रे. जिवंत मासळीसारखा धर त्याला. दाबलास की निसटला.’

कोबिना नुकता चार वर्षांचा झाला होता. तारलीचा हंगाम होता. होडी परत आली नाही.

बापाचं त्याच्याजवळ एवढंच. काही मंगळवार. काही सोनसळी, वालुकामय, जाळ्याच्या वासाचे मंगळवार.

आता स्पष्टच बोलू. एकोणीस वर्षांचा काळा पोर युरोपला नको असतो. एकोणीस म्हणजे शिळा. पंधराचा हवा, ताजा हवा. राजधानीतून दलाल आला. बैल बघावा तशा त्याने कोबिनाच्या मांड्या दाबून बघितल्या, दात तेवढे बघायचे राहिले. म्हणाला, ‘चार वर्षं कमी करून टाकू.’ कमी करून टाकू! जणू सदऱ्याच्या बाह्या होत्या. तारीख त्याने हाताला येईल ती लिहिली. बारा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव. तारखेला वारही असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या गावाला एक जून वाटला, त्यातलाच प्रकार. गरिबाचा जन्म काय, कुणीही उचलावा, कुठेही मांडावा.

कोबिनाने सही केली. त्याला खेळायचं होतं. चार वर्षं गेली तर गेली, त्याला वाटलं. गेली ती कोणती चार, हे कळायला सोळा वर्षं लागली.

सोळा वर्षं. बेल्जियमचा चिखल, डेन्मार्कचा बोचरा वारा, ही हिमरेषेवरची खाडी. हजारो गळ्यांतून त्याचं नाव उसळायचं, दिव्यांच्या दुग्धधवल झोतात तो हरणासारखा उडायचा. आणि समालोचक म्हणायचे, ‘काय ताकद! काय ताकद!’ शेजारच्या गोऱ्याने पास दिला की, ‘काय डोकं!’ कोबिनाने दिला की पुन्हा मांड्या. बापाची ती आतली कड, तो मासळीसारखा हळुवार धरलेला चेंडू, त्यालाही ताकदच म्हणाले. सोळा वर्षांत त्याचं डोकं कुणाला दिसलं नाही. बघितलंच नाही, तर दिसेल कसं?

मग गेल्या आठवड्यात टोर्लाइव्ह बोलला. टोर्लाइव्ह म्हणजे क्लबचे कपडे-बूट सांभाळणारा म्हातारा, पूर्वीचा कॉड मासे पकडणारा कोळी. हिमश्वेत दाढी, दोरांनी कापलेली बोटं. कोबिना त्याला पापा म्हणतो. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणं त्याच्या जिभेला जमत नाही.

‘तुमच्याकडे होड्या कधी थांबतात?’ जर्सीची घडी घालता घालता म्हाताऱ्याने विचारलं.

‘मंगळवारी, पापा. मी मंगळवारचाच. माझं नावच ते सांगतं.’

घडी अर्ध्यात थांबली. म्हातारा भिंतीवरच्या वाढदिवसांच्या यादीकडे बघत राहिला.

‘चौऱ्याण्णवचा बारा नोव्हेंबर शनिवार होता. माझं लग्न झालं त्या दिवशी.’ मग हळूच, ‘ही तारीख कुणाची आहे, पोरा?’

कोबिनाने बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

‘जाऊ दे. मला काय? मी मोजे धुतो.’

पण कोबिनाला जाऊ देता येईना. त्याने बोटांवर महिने मोजले. ज्या वर्षी बापाला समुद्राने नेलं, त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, कागदावरचा कोबिना जन्मला होता. कागदावरच्या कोबिनाने बापाला पाहिलंच नव्हतं. ना माडाची सावली, ना चिंध्यांचा चेंडू, ना तो रुंद, खारट तळवा. दलालाने चार वर्षं नव्हती कापली. बाप कापला होता. आणि खाली कोबिनाची सही होती.

आज सकाळी आईचा फोन आला. दरवर्षी येतो.

‘आज त्या कागदातल्या पोराचा वाढदिवस ना रे? कुणाचा कोण, पण थंडीत राहतोय बिचारा. त्याला म्हणावं स्वेटर घाल.’

‘सांगतो, आई.’

‘आणि माझा मंगळवारचा? तो कसा आहे?’

कोबिना हसला. फोन ठेवला, बूट चढवले, आणि मैदानाकडे निघाला.

दुपारचा एक. जेवणाच्या खोलीच्या खिडकीत शेवटची, केशरी, क्षीण तिरीप. टेबलावर केक, केकवर एकतीस नाजूक मेणबत्त्या. भोवती अख्खा संघ. क्लबचे संचालक हालवर्ड यांनी केकशेजारी करार ठेवला, आणखी दोन वर्षांचा. पस्तिशीच्या खेळाडूला हा क्लब करार देत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक.

‘एकतीस म्हणजे काय वय आहे! सही कर, मग कापू.’

कराराच्या पहिल्याच ओळीत ती तारीख. कोबिनाने पेन उचललं. ठेवलं. आणि उठून कपड्यांच्या खोलीत गेला.

‘पापा, मेणबत्त्या आहेत? चार.’

वादळात वीज जाते म्हणून म्हातारा जाड, पांढऱ्या मेणबत्त्या बाळगतो. त्याने चार काढल्या, पण लगेच दिल्या नाहीत.

‘महाग पडतील, पोरा.’

‘ठाऊक आहे.’

कोबिनाने त्या केकभोवती मांडल्या. चार दिशांना चार. एकेक करून पेटवल्या. गोलकीपर ओरडला, ‘अरे, मोजता येत नाही का तुला?’

‘आत्ताच यायला लागलं.’

हशा उसळला. हालवर्ड मात्र हसले नाहीत. त्यांची नजर केकवरून फिरली, करारावर आली, पुन्हा केकवर गेली.

‘कोबिना, हे काय आहे?’

‘माझी चार वर्षं. राहून गेली होती. ह्यांत माझे वडील आहेत.’

मेण वितळत होतं. मग हालवर्ड यांनी करार उचलला, रागावून नव्हे, थकल्या माणसासारखा, आणि त्याची घडी घातली.

‘गुपचूप सही केली असतीस, तर मी काही विचारलं नसतं.’

‘हो ना,’ कोबिना शांतपणे म्हणाला. ‘सोळा वर्षं कुणीच विचारलं नाही.’

तो वाकला. एका दीर्घ, दर्याच्या फुंकरीने त्याने एकतीस मेणबत्त्या विझवल्या. चार ठेवल्या.

बाहेर सूर्य गेला होता. खिडकीची काच काळी झाली, काचेपल्याडचं पाणी काळं झालं, आणि त्या काळ्या, निश्चल, निद्रिस्त पाण्याच्या काठाशी काचेतल्या चार ज्योती येऊन टेकल्या, वाळूवर ओढून घेतलेल्या होड्यांसारख्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात वार दुसराच होता. असू दे. समुद्र निजला होता. होड्या थांबल्या होत्या. बाप घरी होता.