न वाकलेली गाडी

आमच्या यांना जाऊन महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्यापाशी बसतो, चार शब्द बोलतो आणि मग हळूच गॅरेजकडे वळतो. परत आला की ठरलेलं वाक्य. "वहिनी, कमाल आहे! गाडीला म्हणावं तसं काहीच झालं नाही." कमाल तर कमाल. मी मान हलवते. रडू येत नाही, रागही येत नाही. आत सगळं बधिर झालंय.

ही यांची सेडान साठ वर्षांची. जाड पत्रा, चकचकीत बंपर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. पट्टा-बिट्टा काही नाही. माझी सेडान तिच्याहून तीस वर्षांनी धाकटी, तिला हे 'डबा' म्हणायचे. डेंटिंगचं काम करण्यात जन्म गेला, पत्र्यावर टिचकी मारून गाडीची लायकी ठरवायचे.

चार वर्षांपूर्वी एका टेम्पोने माझ्या डब्याला समोरून ठोकलं. बॉनेटची पार घडी झाली. मी दार उघडून बाहेर आले, एक चप्पल आत राहिली, बस्स. हे आले ते हसतच. "बघ, म्हटलं नव्हतं?" विम्याचा माणूस म्हणाला, "साहेब, ती चुरगळली म्हणून या उभ्या आहेत. धडक तिने खाल्ली." हे ऐकतील तर शपथ! जुनीला निदान पट्टा तरी बसवा म्हणून मी डोकं खाल्लं, तर म्हणे, "तिच्या अंगाला भोक पाडू? माझा हात धजायचा नाही."

गेल्या महिन्यात यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली तेव्हा वेग जेमतेम चाळीस होता. बंपर जरासा बसला. स्टीअरिंगचा दांडा यांच्या छातीत गेला.

काल मुलगा आला. "आई, बाबांची गाडी मी नेतो. पोरीला शेजारी बसवून फिरवीन." नात चार वर्षांची आहे.

"ती मोडीत जाणार," मी म्हणाले.

"वेड लागलंय का तुला? एवढी मजबूत गाडी!"

"मजबूत आहे म्हणूनच. ती वाकली असती ना, तर तुझे बाबा आज इथे बसून आपल्याशी भांडले असते."

तो हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला काही वाटत नव्हतं, नुसता हात फिरत होता.

आज दोघं भंगारवाल्याकडे गेलो. यंत्राचा जबडा खाली आला, छपरावर टेकला आणि अडला. वर गेला, पुन्हा आला. "असला पत्रा आता मिळत नाही, बाई," भंगारवाला कौतुकाने म्हणाला. तिसऱ्या दाबाला छप्पर बसलं, मग दारं, मग हे बसायचे तो पुढचा भाग.

"आता वाकतेस होय गं?" मी किंचाळले. "आता?"

भंगारवाल्याने घाबरून यंत्र थांबवलं. मुलगा माझा दंड धरून उभा राहिला.

"थांबू नका," मी म्हणाले. "पार सपाट होऊ दे."