सिव्का खात नाही

कालपासून सिव्कानं तोंडाला काही लावलं नव्हतं. गावाहून आणलेलं गवत संपलं होतं, आणि दुकानातलं वाळलेलं गवत पिंजऱ्यात तसंच पडून. "पोटात गवत गेलं नाही, तर आतडी थांबतील," जनावरांची डॉक्टरीण बजावून गेली होती.

गावचं घर विकून ओतिलिया ज्वोलेन नावाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहायला आली, ती या करड्या सशिणीला पोटाशी धरून. नवरा गेला, अंगण गेलं, कुरण गेलं. खुराड्यातली ही एवढी उरली. घरात श्वास घेणारं दुसरं कुणी नाही.

तिनं गावच्या शेजाऱ्याला, वेंदेलीनला फोन लावला.

"अजून आहे ती? मला वाटलं, मावशी, ईस्टरलाच रस्सा केलास!"

"तुझाच करीन, मेल्या. माळ्यावर दुसऱ्या कापणीचं गवत आहे का?"

"आहे की, मऊसूत. ये."

ती उशीचा अभ्रा घेऊन पहिल्या बसनं गेली. वेंदेलीननं अभ्रा ठासून भरला. परतीच्या बसला अवकाश होता. त्याच्या बायकोनं कोबीचं सूप पुढं ठेवलं. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, ऐकता ऐकता ओतिलियानं दोन वाडगे संपवले.

"दुकानातलं थोडं थोडं मिसळत जा," निघताना तो म्हणाला. "आठवड्यात सवय लागेल. मग ही पायपीट नको तुला."

घरी सिव्कानं आधी नुसतं हुंगलं. ओतिलिया फरशीवर बसली. "खा गं बाई. एक काडी कुरणाची, एक काडी उन्हाची." एक काडी हलली, आत गेली. मग दुसरी. ओतिलियानं बाहीनंच डोळे पुसले.

रोज ती मिसळत गेली. कुरणाचं कमी, दुकानाचं जास्त. आठव्या दिवशी पिंजऱ्यात नुसतं दुकानातलंच होतं, आणि सिव्का त्यावर तुटून पडली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं मावशी, खाते का दुकानातलं?"

मागं कुरूकुरू, कुरूकुरू चाललेलं. ओतिलियानं फोनवर तळवा दाबला, दाराआड गेली, मग हात काढला.

"नाही रे. हुंगते नि तोंड फिरवते."

"भलतीच नखरेल! मग गुरुवारी ये. पोती भरून ठेवतो."

"येते," ती म्हणाली. "सकाळच्याच बसनं येते."