दोनशे चौदा तास आणि एक थकलेली गाडी

मित्रांनो, जवळ या, पण बॉनेटवर बसू नका. तिथला पत्रा गंजाने पातळ झालाय आणि आता मला कोणाचा भार सोसवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या एका लहानशा विमानतळाच्या कुंपणाशी उभी असलेली ही लाल, पाच दारांची गाडी म्हणजे मी. लाल हे तुम्ही माझ्या शब्दावर मानून घ्यायचं, कारण इथल्या खाऱ्या वाऱ्याने माझा रंग केव्हाच खाऊन टाकलाय.

माझा जन्म १९९२ सालचा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यातला. तिथे दादासाहेब दारं बसवायचे. नागपूरहून आलेला हा माणूस अठरा वर्षं लोकांच्या गाड्यांना दारं बसवत होता आणि स्वतः बसने घरी जात होता. शेवटी कामगारांच्या सवलतीत त्यांनी मला घेतलं. काय तो थाट होता माझा! सिंधुबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागच्या सीटवर टॉवेल अंथरल्याशिवाय कोणाला बसू देत नसत. दर रविवारी विहारात जाताना मी आतून-बाहेरून पुसलेली असे. शेजारपाजारचे लोक थांबून बघत, आणि दादासाहेब विनाकारण माझं दार उघडून पुन्हा लावत, त्याचा आवाज लोकांना ऐकू जावा म्हणून.

कौतुक काही जन्मभर पुरत नाही. दहा वर्षांनी दारात नवी चांदीसारखी गाडी आली आणि माझी रवानगी घराच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी झाली. तिथून मला बाहेर काढलं ते कल्याणीने, त्यांच्या मुलीने. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि नुकतीच वैमानिक झाली होती.

वैमानिक झाली खरी, पण नोकरी कुठे होती? ते २००२ साल. मोठमोठ्या कंपन्यांनी अनुभवी वैमानिकांनाच घरी बसवलं होतं. कल्याणीला तशीही ती मोठी विमानं नको होती. तिला हवी होती आठ माणसांची छोटी विमानं, जी गवतावर उतरतात, वाळूवर उतरतात आणि जिथे रस्ता जात नाही तिथे टपाल, औषधं आणि शाळामास्तर पोचवतात. बुश फ्लाइंग म्हणतात त्याला. त्या कामाला ईमेल पाठवून कोणी उत्तर देत नाही. स्वतः जायचं, हँगरच्या दारात उभं राहायचं, माणसाला तोंड दाखवायचं, हीच तिथली रीत.

मग काय, निघालो आम्ही दोघी. वेल्स झालं, डेव्हन झालं, लिंकनशायरही झालं. ती पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये कपडे बदलायची, माझ्या आरशात बघून केस बांधायची आणि हातात कागद घेऊन चिखलातून चालत जायची. वीस मिनिटांत परत यायची. सगळीकडे एकच उत्तर: पाचशे तास विमान उडवलंस की ये. कल्याणीचे होते दोनशे चौदा. उरलेले तास काम मिळाल्याशिवाय मिळणार नव्हते, आणि तासांशिवाय काम मिळणार नव्हतं. पहिल्या काही वेळा ती परत येऊन रडली. पुढे पुढे रडणंही थांबलं, नुसती किल्ली फिरवायची. माझा हीटर बंद पडला होता, क्लच घसरत होता. खरं सांगते, आम्ही दोघीही थकलो होतो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऑर्कनीहून रेंडल नावाच्या गृहस्थांची एक ओळ आली. त्यांची चार विमानं होती. "भेटायला ये, वचन काही देत नाही." घरात ठरलं की हे शेवटचं. नाही जमलं, तर कल्याणीने लंडनजवळ हॅरोला मावशीकडे राहून तिथल्या ऑफिसातली नोकरी धरायची.

"एकटी नाही जायचं एवढ्या लांब," दादासाहेब म्हणाले. "मी येतो. आलटून पालटून चालवू."

"बाबा, पण तुम्ही कारमध्येच थांबायचं हं. प्लीज. इथे कोणी वडिलांना घेऊन जात नाही इंटरव्ह्यूला."

"अगं, थांबतो ना. मला काय करायचंय आत येऊन?"

सहाशे मैल आणि वर एक बोट. बोटीच्या पोटात मी इतकी हेलकावले की माझा स्क्रू अन् स्क्रू बोलू लागला.

विमानतळ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक ऑफिस आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी फुगलेली कापडी नळी. रेंडल विमान घेऊन गेले होते, म्हणून कल्याणी शेडमध्ये मेकॅनिकशी बोलत थांबली. तेवढ्यात विमान उतरलं. त्यातून साठीचे एक उंच गृहस्थ उतरले आणि माझ्याच बाजूने चालत आले. आणि दादासाहेब काच खाली करून बसलेले, ते दार उघडून बाहेर पडले!

मित्रांनो, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे मुलासाठी वडीलधाऱ्याने शब्द टाकायचा असतो. न टाकला तर लोक म्हणतात, यांना काळजीच नाही. त्यांनी रेंडलसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी किती कष्टाळू आहे ते सांगितलं, कधी सुट्टी घेत नाही ते सांगितलं. रेंडलनी विचारलं, "तास किती झालेत तिचे?"

दादासाहेबांनी शेडकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "पाचशे. पाचशेच्या आसपास."

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पुढे बसणारा हा माणूस. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पण त्या वाऱ्यात, मुलीच्या शेवटच्या संधीपुढे, बापाला ते आठवलं नसावं. माझ्यासारख्या जुन्या गाड्या विकताना लोक मैल कमी करून सांगतात, आणि वैमानिकाचे तास वाढवून. ज्याचं जेवढं आहे तेवढं कोणालाच पुरत नाही, बघा.

पुढे जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं. धावपट्टीच्या टोकाला मेंढ्या शिरल्या होत्या आणि रेंडलची व्हॅन सुरू होईना. "चल, तुझ्या गाडीतून जाऊ, जाता जाता बोलू," ते कल्याणीला म्हणाले. ती चालवायला बसली, ते शेजारी, दादासाहेब मागे.

"पाचशे तास, म्हणजे बरं झालं," रेंडल म्हणाले. "त्याखाली विमा कंपनी मला प्रवासी नेऊ देत नाही. सोमवारपासून ये."

सोमवारपासून! कल्याणीचा पाय माझ्या पेडलवर थांबला. तिने आरशात बघितलं. मागे दादासाहेब खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. गप्प राहिली असती तर वडिलांची लाज झाकली गेली असती. खरं बोलली, तर परक्या माणसासमोर वडील खोटे ठरणार होते आणि हॅरोचं ऑफिस पक्कं होणार होतं. मी तिथल्या तिथे बंद पडायला तयार होते, पण त्याने काही सुटलं नसतं.

"दोनशे चौदा," कल्याणी म्हणाली. "माझ्या वडिलांनी चुकीचं सांगितलं. दोनशे चौदा आहेत. लॉगबुक माझ्या बॅगेत आहे."

तेवढ्यात आम्ही पट्टीच्या टोकाला पोचलो. रेंडल खाली उतरले, मेंढ्या हाकलल्या, कल्याणीने दुसऱ्या बाजूने हाकलल्या. परत येऊन ते दार धरून उभे राहिले.

"प्रवासी तुला देता येणार नाहीत," ते म्हणाले. "पट्टीवरचं गवत कापायला, टपाल चढवायला आणि या मेंढ्यांमागे धावायला मला माणूस हवाय. पगार नावालाच मिळेल. टपाल टाकून विमान रिकामं परततं तेव्हा तू चालव, मी शेजारी बसेन. मला शिकवायचा परवाना आहे, ते तास तुझे. दोन वर्षं लागतील. चालेल?"

ती हो म्हणाली, पण हसली नाही. त्या दिवशी ती वडिलांशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी धक्क्यावर बोटीची वाट बघत दोघं माझ्यात बसले होते. दादासाहेब एकटे परतणार होते. मला त्यांनी कल्याणीपाशी ठेवलं होतं.

"का सांगितलं बाबा तुम्ही असं?" ती शेवटी म्हणाली. "तो दोनशे चौदा माझा आहे. एकेक अवर मी शनिवार-रविवार शॉपमध्ये काम करून केला."

मराठी तिची अशीच. एरवी ते हटकून दुरुस्त करायचे. त्या दिवशी नाही केलं.

"तुझे तास थोडे आहेत असं मलाच वाटलं, पोरी," ते म्हणाले. "तुझी नव्हती लाज वाटत कुणाला. मला वाटली. चुकलो मी." त्यांनी डोळे पुसले, उतरले आणि माझं दार अगदी हळू लावलं.

दोन वर्षं नाही, अडीच लागली. मी मेंढ्यांमागे धावले, टपालाच्या पिशव्या वाहिल्या, एमओटीच्या, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीच्या परीक्षेत एकदा पास झाले आणि एकदा कायमची नापास. २००५ च्या सप्टेंबरात एका दुपारी कल्याणी येऊन माझ्यात बसली. मी चालत नव्हते, तरी बसली. वाऱ्यापासून आडोसा एवढाच माझा उपयोग उरला होता. तिने फोन लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आता सांगा सगळ्यांना. पाचशे झाले."

पलीकडून दादासाहेबांच्या हुंदक्याचा आवाज आला आणि मागून सिंधुबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारखीला वेळेवर तेलपाणी करा, एवढं मागून मी गप्प बसले असते. पण एक जास्तीचं मागते. तुमच्या घरात कोणाचं काही थोडं असेल, तर ते थोडंच सांगा. त्या थोड्याची लाज वाटून घेऊ नका. ते कोणीतरी फार जपून जमवलेलं असतं.