तीन मापं पीठ

बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र सकाळीच बंद पडलं आणि मावशींचा जीव मेटाकुटीला आला. मालक म्हणाला, "आजचा दिवस हातानं निभावून न्या." निभावून नेणं म्हणजे काय, ते मळणाऱ्यालाच ठाऊक. दुपारी चारला त्या सुटल्या तेव्हा दोन्ही दंड दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लोंबत होते.

खरं तर सरळ घरी जायचं. पण घरी सून होती. मुलगा वारल्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून सुनेनं तोंडाला कुलूप लावलं होतं. कामात कसूर नाही. पण विचारलं तर "हो", नाहीतर "नाही". मावशींनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून त्या चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला गेल्या. तिथं निदान बसायला खुर्ची होती.

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, बायबलातला खमिराचा दाखला वाचला, येशूनं सांगितलेली एक छोटी गोष्ट. एका बाईनं तीन मापं पिठात खमीर लपवून ठेवलं आणि सगळं पीठ फुगून आलं. देवाचं राज्य तसं आहे. तीन मापं म्हणजे चांगलं मणभर पीठ, असंही त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आता पंधरा मिनिटं शांत बसू. हा दाखला माझ्याशी काय बोलतो, ते ज्यानं त्यानं प्रभूला विचारायचं."

मावशींनी डोळे मिटले. 'प्रभू, आज मला काही विचारू नकोस,' एवढं मनात म्हणाल्या, आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती पाळकांच्या हाकेनं. "मावशी, तुम्हाला काय उमगलं?"

शेजारी बसलेली एक शिक्षिका खुदकन हसली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी झोपले होते हो."

"प्रभू येशूसुद्धा भर वादळात होडीत झोपला होता. बोला."

"मणभर पीठ एकट्या बाईनं मळलं," मावशी चाचरत म्हणाल्या. "तिचे दंड किती भरून आले असतील, ते कुणीच सांगत नाही."

आता कुणी हसलं नाही. "आणि मळून झाल्यावर?" पाळकांनी विचारलं.

"झाल्यावर काय! झाकायचं आणि बाजूला व्हायचं. सारखं फडकं उचलून बघितलं, तर गार लागून बसतं ते..."

मावशी मध्येच थांबल्या. तीन वर्षं दिवसातून दहादा त्या सुनेच्या दुःखावरचं फडकं उचलून बघत आल्या होत्या. पाळकांनी पुढे विचारलं नाही.

घरी सून शेंगा सोलत होती. "जेवलीस का", "बोल ना गं", यातलं काही विचारायचं त्राणच मावशींच्यात नव्हतं. त्या समोर बसल्या. सून सोलत राहिली.

"हात का थरथरताहेत?" सुनेनं आपणहून विचारलं.

मावशींच्या जिभेवर वीस प्रश्न आले. त्यांनी ते गिळले. "पीठ मळलं, दिवसभर."

सवयीनं त्यांनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. सुनेनं त्या परत आपल्याकडे घेतल्या.

"राहू द्या, आई. नुसत्या बसा."

मावशी नुसत्या बसल्या.