अरुंद गळ्याचा स्किमर

दिवाणखान्यातल्या टाकीचं पाणी दुधाळ दिसायला लागलं, तेव्हा शिवणवालीला आधी वाटलं, आपलाच चष्मा धुरकटलाय. चष्मा पुसून पाहिला, तरी नारिंगी मासे धुक्यातच पोहत होते. मग तिने टाकीखालचं कपाट उघडलं. आतल्या छोट्या टाकीत एरवी अखंड घरघरणारं यंत्र मुकाट उभं होतं.

खाऱ्या पाण्याची ही टाकी तिच्या नवऱ्याची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून आल्यावर त्याला घरात समुद्र लागायचा. तिने त्यात कधी हात घातला नव्हता. पण मधे त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले. डोकं शाबूत, पण चहा हवा असला की तोंडातून यायचं ‘किल्ली’.

“अहो, काय बिघडलंय हो याचं?” तिने विचारलं.

“जिना,” तो ठामपणे म्हणाला.

ती वेडी खरोखर दार उघडून जिना पाहून आली.

शेवटी ते यंत्र पिशवीत घालून तिने दुकान गाठलं. दुकानदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं. “ताई, स्किमरची मोटर जळलीय. हिचे सुटे भाग आता येत नाहीत. नवाच घ्या.”

“पण हा करतो काय?”

“पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. माशांची घाण त्या फेसाला चिकटते, फेस नळीतून वर चढतो आणि वरच्या पेल्यात सांडतो. उकळत्या भांड्यावरची मळी काढतो ना आपण, तसंच. तुमच्या खालच्या टाकीत पाणी किती खोल?”

“मनगट बुडेल एवढं असेल.”

“मासे किती खातात?”

“पोटभर,” ती म्हणाली.

दुकानदाराने तीन स्किमर समोर मांडले. तिला तिन्ही सारखेच दिसले. “मोठाच न्या,” तो म्हणाला. “जास्त ताकद असलेली कधीही बरी.”

गल्ल्यावर बसलेली त्याची बायको तिथूनच म्हणाली, “काहीतरीच काय सांगता? मासे थोडे असले तर मोठ्यात फेस वर चढतच नाही.”

“तू कधीपासून मासे पाळायला लागलीस?”

“तुम्हाला पाळतेय तेव्हापासून.”

नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. शिवणवालीने तिन्हींचे फोटो काढले आणि होती त्यापेक्षा जास्त गोंधळून घरी आली.

तिने फोटो नवऱ्यासमोर धरले. “हा? की हा?” त्याने पहिल्याला मान डोलावली, दुसऱ्याला डोलावली, तिसऱ्यालाही डोलावली. मग एकाएकी डाव्या हाताने स्वतःचा गळा पकडला आणि ओरडला, “गळा! गळा!”

घशात काही अडकलं की काय? तिने वरच्या मजल्यावरच्या नणंदेला हाक मारली, तीही धावत आली. एकीने पाठ चोळली, दुसरीने पाणी पाजलं. त्याने पेला भिरकावून दिला. डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद, आणि श्वास मात्र अगदी व्यवस्थित.

तो शांत झाल्यावर नणंद हळूच म्हणाली, “वहिनी, देऊन टाक ते मासे कुणाला तरी. तुझ्यामागे कमी का व्याप आहेत?”

खरं तर शिवणवालीच्याही मनात तेच होतं. पण माशांना खायला घालायच्या वेळी तो डाव्या हाताने चाकाची खुर्ची ढकलत काचेपाशी जायचा. दिवसभरात तेवढ्याच वेळी तो तिला आधीसारखा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी ती शिलाई यंत्रावर कुणाचातरी झगा शिवत होती. तो खुर्ची सरकवत जवळ आला, तिच्या खांद्यावरची मापाची टेप ओढून घेतली, आपल्या लुळ्या मनगटाला गुंडाळली आणि दात लावून घट्ट आवळली. मग फोनकडे बोट दाखवलं. तिने फोटो पुन्हा उघडले आणि पहिल्यांदाच कारागिराच्या नजरेने पाहिले. खाली फुगीर घेर, वर पेल्याशी निमुळती होत गेलेली नळी. एकाचा गळा रुंद, एकाचा मध्यम, एकाचा अगदी आवळलेला.

“अहो, गळा अरुंद हवा? फेस वर चढायला?”

तो हसला, की रडला? आजारपणापासून दोन्ही सारखंच दिसायचं. तो हसलाच असं धरून तिने अरुंद गळ्याचा स्किमर आणला, कपाटात बसवला आणि बटण दाबलं.

बुडबुडे आले, फेस मात्र वर चढेना. दुसऱ्या दिवशीही पेला कोरडाच. नणंद म्हणाली, “सांगितलं होतं मी.” शिवणवालीने दुकानात फोन केला, तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, “नव्या प्लास्टिकला तेलकटपणा असतो, तो धुऊन जाऊ दे. घाई करू नका.” बाजूने दुकानदार ओरडला, “मोठा न्यायला हवा होता!” शिवणवालीने कपाळावर हात मारला. कुणाचं खरं धरायचं?

तिने वाट पाहायची ठरवली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मग एका सकाळी कपाट उघडलं आणि असा वास सुटला की ती दोन पावलं मागे सरली. पेल्यात काळपट तपकिरी पाणी साचलं होतं. वरच्या टाकीत मासे स्वच्छ दिसत होते, अगदी खवल्यांसकट.

तिने पेला नवऱ्याच्या नाकाखाली धरला. “हेच हवं होतं ना?”

त्याने वास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, “अत्तर.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. शब्द चुकला, की आजारी पडल्यावर त्याने पहिल्यांदाच थट्टा केली? विचारून उपयोग नव्हता. उत्तर आलं असतं तेही कुठलंतरी भलतंच. थट्टा असेल तर वाया जायला नको, म्हणून ती मोठ्याने हसली, आणि नाक दाबून पेला धुवायला गेली.